हबशाचा ठसा

आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला माझं नाव असायचं, डोळे फोडून वाचावं लागेल अशा बारीक खिळ्यांत. मुद्रक आणि प्रकाशक. वरच्या सगळ्या पानांवर जे काय असेल ते आमच्या ह्यांचं. अग्रलेख ह्यांचा, टोमणे ह्यांचे, भांडणंही ह्यांचीच. तळ तेवढा माझा, आणि तोही काही मी मागितलेला नव्हता. कायदेभंगात हे येरवड्याला जाऊन आले, आणि सुटून आल्यावर ह्यांच्या नावानं छापखाना चालवायचा म्हणजे सरकार जामिनाची रक्कम मागायला लागलं. मग त्या काळी पुष्कळ घरांत झालं तेच आमच्याकडं झालं. बायकोला कचेरीत नेलं, सही करायला लावली आणि घरी आणून पुन्हा चुलीपुढं बसवलं. नुसती सही आहे, बाकी तुला त्यातलं काही करायचं नाही, असं हे म्हणाले होते.

मी सातवी झाले होते, म्हणून प्रुफं वाचायचं काम पुढं हळूहळू माझ्याकडं आलं. बारामतीत पेठेच्या मागच्या गल्लीत पुढं छापखाना आणि मागं आमचं घर. पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्राची खडखड सुरू झाली की फोडणीची तडतड ऐकू यायची नाही, जळली की नाकालाच कळायची. मला गप्प बसवत नाही हे सासरी पहिल्याच वर्षी सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळं प्रुफं वाचताना मी ह्यांच्या अग्रलेखातली दोन-चार विशेषणं गुपचूप काढून टाकायची. ह्यांना पत्ता लागायचा नाही. इतकी असायची ती.

चित्रांची आमच्याकडं एक पद्धत होती. पुण्याहून ब्लॉक करून आणायचे म्हणजे आठवडा उलटायचा. म्हणून इथल्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर हौसेनं लाकडाचे ठसे कोरून द्यायचे. एकदा कोरलेला ठसा टाकायचा नाही, हा ह्यांचा नियम. सगळे ठसे एका खणात पडलेले असायचे. त्यात एक पोट सुटलेला गृहस्थ होता. तो कधी सावकार व्हायचा, कधी म्युनिसिपालिटी, कधी विलायती कापडाचा व्यापारी. एक हत्ती होता, तो सरकार. कालव्याच्या पाण्यावरून तक्रारी आल्या तेव्हा तोच हत्ती पाटबंधारे खातं झाला. खालची ओळ बदलली की वरचा माणूस बदलला. लोकांनाही सवय झाली होती, रस्त्यात भेटले की विचारायचे, या खेपेला आमचा ढेरपोट्या कोण झालाय? मलाही गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

अबिसिनियावर, म्हणजे हबशांच्या देशावर, इटलीनं लढाई लादली तेव्हा हे इतके पेटले होते की जेवताना भातापेक्षा इटलीच जास्त चावत होते. लेख हबशांच्या बाजूनं लिहिला, वाचून डोळ्यांत पाणी यावं असा. त्याच्यासोबत चित्र हवं म्हणून मास्तरांनी एक हबशी कोरून दिला. अंगानं उघडा, एक हात पसरून धावणारा, कमरेला गवत, हातात भाला, ओठ भरताच्या वांग्याएवढे, डोळे बाहेर आलेले, आणि वर विमान. लेख तसा आणि चित्र असं. पण बोलणार कोण? बारामतीत हबशी कुठला! लढाई संपली, विमान कापून काढलं आणि हबशी खणात गेला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी लोकल बोर्डाची निवडणूक आली. इंदापूरकडच्या एका जागेला फौजेतून पेन्शनीवर आलेले एक हवालदार उभे राहिले. महारवाड्यातले. तेव्हा असंच म्हणत, पाकिटावरच्या पत्त्यातसुद्धा असंच लिहीत. ते उभे राहिले तेही सगळ्यांसाठीच्या जागेवर, आणि समोर ऊसवाला मोठा बागाईतदार. त्यांचं म्हणणं एकच होतं. बोर्डाच्या शाळेत त्यांच्या वाड्यातली पोरं ओसरीवर बसायची. मास्तरांनी आत शिकवायचं, पोरांनी खिडकीतून ऐकायचं. ऊन अंगावर आलं की सरकायचं, पाऊस आला की दप्तर डोक्यावर घेऊन घरी. बोर्डावर गेलो तर पोरं आत बसवीन, हे एवढंच सांगत हवालदार गावोगाव फिरत होते.

बागाईतदार आमच्या ह्यांच्या पक्षाचा. ह्यांचं मत असं की मागणी रास्त आहे, पण माणूस गोऱ्यांच्या पेन्शनीवर जगणारा, त्याला मत देऊन देशाचं काय भलं होणार. तीन आठवडे ह्यांनी तेच लिहिलं. त्याला माझी ना नव्हती. लिहा की, वर्तमानपत्र त्यासाठीच असतं. मी विशेषणं काढत होते आणि पुढं पाठवत होते.

चौथ्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन मी मोरगावला गेले. त्यांचा चतुर्थीचा नेम. परत आले तर छापखान्यात हसण्याचा नुसता कल्लोळ चाललेला. अंक निघाला होता. पहिल्या पानावर मधोमध तो हबशी. लाकडातून कापून काढता येतं, नव्यानं घालता येत नाही, म्हणून मास्तरांनी भाल्याचं टोक कापून त्याची काठी केली होती. शेजारी पितळी पट्ट्या जुळवून खुर्ची बनवली होती. हबशी खुर्चीकडं हात पसरून धावतोय, ओठ तसेच, गवत तसंच. आणि खाली ओळ: ‘हवालदारसाहेब बोर्डावर निघाले!’

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! आधी कशाचा राग येतोय तेच मला कळेना. मला न दाखवता छापलं याचा, की चित्राचा, की हे सगळे हसताहेत आणि मलाही कुठंतरी ओठाच्या कोपऱ्यात हसू फुटू बघतंय याचा. मी अंक उचलला आणि ह्यांना म्हटलं, हे काय आहे? हे म्हणाले, राजकारण आहे. व्यंगचित्रात असंच असतं. सावकाराला ढेरपोट्या काढतो तेव्हा तू हसतेस, मग ह्यालाच काय झालं?

उत्तर मला संध्याकाळी भांडी घासताना सुचलं. ढेरपोट्याला कितीही हसा, त्याच्या घरातला गूळ कमी होत नाही. तो आपलं चित्र स्वतःच ओट्यावर बसून चारचौघांना दाखवतो. ह्या माणसाकडं मात्र दुसरं काही नाही, लोकांनी त्याला आपल्यासारखा माणूस समजावं, तर मत मिळणार. आणि तुम्ही नेमकं तेवढंच काढून घेतलंत. हात राखेचे तसेच घेऊन मी पुढं गेले आणि हे सांगून टाकलं. हे म्हणाले, फार मनाला लावून घेतेस. पण आठवडाभर चैन पडली नाही मला. भाकरी थापता थापता हात थांबायचा. सासूबाई म्हणाल्या, मोरगावहून काय बाधा घेऊन आलीस का गं?

त्यात इंदापूरच्या एजंटानं, म्हणजे तंबाखूच्या दुकानदारानं, मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला की अंक संपले, चित्रवाला अंक आणखी पाठवा. असं आमच्या पेपराच्या जन्मात झालं नव्हतं. हे हरखून गेले. मतदानाआधी अजून एक अंक निघायचा होता. त्यात तेच चित्र पुन्हा, मोठ्या ओळीसकट घालायचं ठरलं, आणि हे कागद आणायला पुण्याला गेले.

त्याच दिवशी हवालदार आले.

मी प्रुफं वाचत होते. कंपोझिटर दारापाशी जाऊन म्हणाला, काय रे, काय पाहिजे? त्या ‘रे’नं मी मान वर केली. बाहेर खाकी कोटातला, पिळदार मिशांचा माणूस उभा. वर्ण सावळा, माझ्या माहेरच्या काकांसारखा, किंबहुना काका एक छटा जास्तच. हातात अंकाची घडी. त्यांनी कंपोझिटरकडं बघितलंच नाही. शेवटचं पान उलगडून, तळावर बोट ठेवून विचारलं, “या नावाच्या बाई कोण?”

मी उठून उभी राहिले. म्हटलं, मीच, पण मालक पुण्याला गेलेत, लिहिणारे ते, तुम्ही त्यांनाच भेटा. ते म्हणाले, “लिहिणारा कुणी का असंना. फौजेत सही ज्याची त्याला जाब द्यावा लागतो. सही तुमची हाय न्हवं?”

मी त्यांना आत बोलावलं. ते आले नाहीत, हितंच बरा हाय म्हणाले. मग मीच पायरीवर गेले. त्यांनी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सांगितलं ते असं. ते चित्र कुणीतरी शाळेच्या ओसरीच्या खांबाला चिकटवलं होतं, जिथं त्यांच्या वाड्यातली पोरं बसतात तिथंच. त्यांची मुलगी तिसरीत होती. ती आता खांबाकडं पाठ करून बसते, म्हणजे खिडकीकडंही पाठ होते, आणि आतलं काही ऐकू येत नाही. वर्गाच्या मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, छापील आहे, आपण कसं काढणार?

मला वाटलं, काहीतरी बोलावं. म्हणून मी मूर्खासारखी म्हणाले की हे चित्र तुमचं नव्हेच हो, जुना ठसा आहे, अबिसिनियाच्या लढाईच्या वेळचा, एका हबशाचा.

हवालदार चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मी एडनला होतो, बाई. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवर हबशी होता. तापानं फणफणलेला. मला त्याची भाषा येत न्हवती, त्याला माझी. माझं पाणी संपलं की आपलं द्यायचा.” त्यांनी अंकाची घडी घातली. “तो बी असा दिसत न्हवता.”

त्यांनी काय मागितलं तेही सांगते. पुन्हा छापू नका, आणि मतदानाच्या आधी चूक झाली म्हणून छापा. बस. मी बरं म्हटलं. मालकांना विचारते असं म्हणाले नाही.

हे पुण्याहून आले आणि मी पाणीसुद्धा पुढं न करता सांगितलं, चित्र जाणार नाही. ह्यांना आधी थट्टा वाटली. मग समजूत घालायला लागले, मग आवाज चढला. मी म्हटलं, माझं नाव काढा नाहीतर चित्र काढा. नाव काढायचं म्हणजे पुन्हा कचेरी, पुन्हा जामीन, तोवर पेपर बंद, हे मला जेवढं ठाऊक तेवढंच ह्यांनाही. हे कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, ज्या सहीला काही अर्थ नव्हता तिला तू अर्थ आणतेस. मी म्हटलं, कचेरीत त्या साहेबानं मला वाचून दाखवलं होतं की छापलं जाईल त्याला जबाबदार ही बाई. तेव्हा तुम्ही शेजारी उभं राहून मान डोलावत होतात.

ड्रॉइंग मास्तर येऊन गेले. कलेवर बंधनं आली म्हणून रुसले. सासूबाईंनी दोघांशीही बोलणं टाकलं. घरात माणसं तीन आणि आवाज फक्त ट्रेडलचा. ह्यांनी शेवटी कबूल केलं, माफी छापू, पण आतल्या पानावर, हरवलेल्या बैलाच्या जाहिरातीखाली. मी म्हटलं, पहिल्या पानावर, चित्र होतं त्याच जागी, तेवढ्याच चौकटीत. मजकूर मी लिहिला: ‘गेल्या अंकात एका उमेदवाराचं म्हणून जे चित्र इथं छापलं, ते त्यांचं नव्हतं. ते कुणाचंच नव्हतं. ते छापायला नको होतं. मुद्रक व प्रकाशक.’ ह्यांनी वाचलं आणि विचारलं, एवढंच? म्हटलं, एवढंच. विशेषण एकही नाही.

इंदापूरला अंक मी स्वतः घेऊन जाणार म्हटल्यावर हेही निघाले. बायको एकटी बाजारात उभी राहिली असती तर ह्यांच्या अब्रूचं काय झालं असतं! सर्व्हिस मोटारीत धूळ खात, एकमेकांशी अवाक्षर न बोलता आम्ही पोचलो. बाजाराचा दिवस होता. तंबाखूवाल्यानं गठ्ठा सोडला, पहिलं पान बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. चित्र नाही व्हय, म्हणाला. दोन गिऱ्हाइकं आली, पान उलटून पालटून बघितलं, ठेवून गेली. पिठाच्या गिरणीच्या दारावर जुनं चित्र अजून चिकटलेलं होतं. मी नखांनी खरवडायला लागले. खळ पक्की बसली होती, नुसते पाय तेवढे निघाले.

तिथंच हवालदार आले. त्यांच्या हातात नवा अंक होता. त्यांनी नमस्कार केला, म्हणाले, वाचलं, बरं केलंत. मग गिरणीसमोर दळण घेऊन बसलेल्या लोकांकडं हात करून म्हणाले, “पण बाई, यातल्या कितीकांना वाचता येतंय? चित्र समद्यांना कळलं. माफी वाचणाऱ्यालाच कळणार.”

इतके दिवस मी जिंकले समजत होते. पहिलं पान मिळवलं, तीच चौकट मिळवली, आणि त्या चौकटीत घातलं काय, तर अक्षरं! मी ह्यांच्याकडं बघितलं. हे समोर लिंबाखाली उभे होते, कुणी ओळखू नये अशा बेतानं. कागद घेतला आणि गिरणीच्या पायरीवर चढून मी मोठ्यानं वाचायला लागले. पदर सारखा घसरत होता आणि आवाज मलाच परका वाटत होता. भाजीवाल्या वळल्या. माळवं निवडणारे उभे राहिले. बाई काय वाचतीय म्हणून गर्दी झाली. मी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. लोकांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून कुणीतरी, वाईट मनानं नाही, खरंच कुतूहलानं विचारलं, “कंचं चित्र म्हणताय, बाई? दावा की.”

आणि लोक हसले. गिरणीच्या दाराकडं बोटं गेली. ज्यांनी बघितलं नव्हतं ते माना उंच करून बघायला लागले. मला तिथल्या तिथं जमीन दुभंगली तर बरं असं झालं. सगळा खटाटोप करून मी आणखी शंभर माणसांना ते चित्र दाखवलं होतं.

हवालदार पायरीपाशी आले, माझ्या शेजारी नाही, खालीच. त्यांनी पटका काढून काखेत धरला. म्हणाले, “चित्र कशाला बघताय? मी हाय की हितं. बघा.”

ते उभे राहिले, हात बाजूला सरळ, फौजेत उभे राहतात तसे. लोक बघत राहिले. हसणं थांबलं. एका म्हातारीनं दळणाची पाटी उगाचच इकडची तिकडं केली. चुकलं असं कुणी म्हणालं नाही, मत देतो असंही नाही. मग गिरणी सुरू झाली आणि लोक पांगले. हवालदारांनी पटका बांधला, मला रामराम केला आणि गेले.

परतीच्या मोटारीत हे खिडकीशी बसले होते. पिंपळी गाव मागं गेलं तेव्हा म्हणाले, “मी त्याला आज पहिल्यांदा बघितलं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या माणसावर तीन आठवडे लिहिलं, चौथ्या आठवड्यात ज्याचं तोंड म्हणून ते तोंड छापलं, त्याला ह्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ड्रॉइंग मास्तरांनीही नव्हतं. कुणाला त्याची गरजच वाटली नव्हती. मोटार माणसांनी भरलेली होती म्हणून, नाहीतर मी काय बोलले असते ते देव जाणे. मी ह्यांच्याकडं बघितलं, तर ह्यांचा चेहरा असा पडलेला की शब्द तोंडातच राहिले. राग मात्र गेला नाही. ह्यांच्यावरचा पुढं गेला, पण त्याला बघायची कुणाला गरजच वाटली नाही याचा गेला नाही.

निवडणुकीत हवालदार पडले. निकाल आणणाऱ्यानं दारातूनच सांगितलं. हे खिळ्यांच्या पेटीशी उभे होते, म्हणाले, थोडक्यात पडले गं. जणू थोडक्यात म्हटल्यानं ती पोरं ओसरीवरून निदान उंबऱ्यापर्यंत तरी सरकणार होती.